उन्हाळी सुट्टी आणि ताडोबा : स्वस्त गेट की किफायतशीर गेट?

व्यापार-उद्योगाच्या पानावर सहलीचा विषय पाहून काही वाचकांना नवल वाटेल. पण सुट्टी हीसुद्धा एक खरेदीच आहे. दुकानदार माणूस शंभर रुपयांचा माल घेताना दहा दुकाने फिरतो आणि सुट्टीवर निघाला की वीस-पंचवीस हजार रुपये डोळे मिटून देऊन येतो. परत आल्यावर "पैसे गेले, वाघ दिसला नाही" अशी कुरकुर करतो. वाघ दिसणे न दिसणे अल्लाहच्या मर्जीवर आहे, पण पैसे कुठे आणि का गेले याचा हिशोब मात्र आपल्या हातात आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या व्यापारी बांधवांना तर नागपूर, मुंबई, हैदराबादचे नातेवाईक दर उन्हाळ्यात विचारतात की, "भाईजान, ताडोबाला कोणत्या गेटने जावे?" त्यांना धड उत्तर देता यावे, यासाठी हा धडा.

भाव आणि किंमत

कापडाच्या धंद्यात पहिली गोष्ट शिकवली जाते ती पन्ह्याची. समजा, एक कापड ६० रुपये मीटर आहे आणि त्याचा पन्हा ३६ इंच आहे. दुसरे ७० रुपये मीटर आहे आणि पन्हा ४४ इंच आहे. नवखे गिऱ्हाईक साठवाले उचलते. पण इंचाचा हिशोब केला तर पहिले १ रुपया ६७ पैसे पडते आणि दुसरे १ रुपया ५९ पैसे. म्हणजे ज्याचा भाव जास्त तेच स्वस्त निघाले. भाव चिठ्ठीवर लिहिलेला असतो, किंमत मात्र पन्हा मोजल्यावर कळते.

जंगल सफारीचेही असेच आहे. तिकिटाचा भाव सगळे विचारतात, पन्हा कोणी मोजत नाही. इथला पन्हा म्हणजे जंगलात प्रत्यक्ष मिळणारे तास, गाडीत बसणारी माणसे, राहण्याच्या जागेपासून गेटपर्यंतचे अंतर आणि निवडलेला मोसम. या चार गोष्टी ज्याने पाहिल्या, त्याची सहल किफायतशीर होते.

आधी माल ओळखा

ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झाले. त्याचे क्षेत्र ११६ चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. १९८६ साली शेजारचे अंधारी अभयारण्य जाहीर झाले आणि पुढे १९९० च्या दशकात दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. ताडोबा हे नाव गोंड समाजाच्या तारू या देवावरून पडले आहे. आज प्रकल्पाचे दोन भाग आहेत. आतला भाग, ज्याला सर्वजण कोअर म्हणतात, तो सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा आहे. त्याच्याभोवती गावे, शेते आणि जंगल मिळून सुमारे ११०० चौरस किलोमीटरचा पट्टा आहे, त्याला बफर म्हणतात.

कोअरमध्ये जाण्यासाठी सहा गेट आहेत : मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी आणि झरी. बफरची गेट याहून बरीच जास्त आहेत. चंद्रपूर-मोहर्लीच्या बाजूला आगरझरी, देवाडा, जुनोना आणि मामला, चिमूरच्या बाजूला अलिझंझा, मदनापूर आणि निमढेला, तर मूलच्या बाजूला केसलाघाट. ही सगळी नावे नाहीत, नेहमीची तेवढी दिली आहेत.

आता गिऱ्हाईक काय करते? त्याने ऐकलेले असते एकच नाव, मोहर्ली. सगळ्यांनी तेच ऐकलेले असते. त्यामुळे मोहर्लीला गर्दी, आरक्षण आधीच संपलेले आणि आसपासच्या राहण्याच्या जागांचे दर चढलेले. माल वाईट नाही, उलट चांगलाच आहे. मोहर्लीजवळ तेलिया तलाव आहे, आतल्या बाजूला ताडोबा तलाव आहे. पण नावाचा भाव वेगळा द्यावा लागतो, हे ध्यानात घ्यावे. कंपनीचा शिक्का असलेले कापड आणि त्याच गिरणीत विणलेले बिनशिक्क्याचे कापड, यांतला फरक व्यापारी बांधवांना सांगायला नको.

वाघ गेट पाहून फिरत नाही. कोअर आणि बफर यांच्यामध्ये भिंत नाही. जंगल एकच आहे आणि जनावरे इकडून तिकडे जात-येत असतात. बफरमध्येही वाघ, बिबट्या, अस्वल, रानकुत्रे, गवे दिसतात. फरक असा की बफरमध्ये मधूनच शेत लागते, गुरे दिसतात, गाव येते. ज्याला अखंड दाट जंगल पाहायचे आहे त्याने कोअरमध्ये जावे. ज्याला लहान मुलांना घेऊन थोडक्या पैशांत जंगलाची ओळख करून द्यायची आहे, त्याच्यासाठी बफर पुष्कळ आहे.

पहिला पन्हा : गाडीतील माणसे

सफारीच्या खर्चात साधारण तीन रकमा असतात : प्रवेश शुल्क, जिप्सीचे भाडे आणि गाइडचे शुल्क. जिप्सीत सहा पर्यटक बसतात. गाडी पूर्ण घेतली तर तीन माणसे बसली काय आणि सहा बसली काय, जिप्सी आणि गाइड यांचा खर्च तोच राहतो.

शनिवार-रविवार आणि सणासुदीचे दर इतर दिवसांपेक्षा जास्त असतात. खालील आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत, प्रत्यक्ष दर त्या-त्या वेळी अधिकृत संकेतस्थळावर पाहावेत. समजा, एका कुटुंबाने रविवारी कोअरची गाडी ९,००० रुपयांत घेतली आणि माणसे तीन. माणशी ३,००० रुपये पडले. दुसऱ्याने भावाचे कुटुंब सोबत घेतले, बुधवारी बफरची गाडी ४,८०० रुपयांत घेतली आणि माणसे सहा. माणशी ८०० रुपये पडले. जंगलातले तास दोघांचेही जवळपास सारखेच, म्हणजे सुमारे चार. एकाला तास ७५० रुपयांना पडला, दुसऱ्याला २०० रुपयांना.

म्हणून पहिला नियम असा की, सहाची जुळवाजुळव घरीच करावी आणि आठवड्याचा मधला दिवस निवडावा. आपल्या धंद्यात सुट्टी कोणत्या वारी घ्यायची हे आपल्याच हातात असते, त्याचा फायदा घ्यावा. मंगळवारी मात्र कोअर बंद असते, हे विसरू नये.

दुसरा पन्हा : अंतर

नकाशावर मोहर्ली आणि कोलारा जवळजवळ दिसतात. पण मधल्या जंगलातून आपली गाडी आरपार नेता येत नाही. चंद्रपुरात खोली घेऊन कोलाऱ्याचे तिकीट काढणारा माणूस वरोरा-चिमूरचा वळसा घालून जातो. पहाटेच्या सफारीसाठी त्याला मध्यरात्री निघावे लागते. तिकीट कितीही स्वस्त असो, डिझेल आणि झोप यांची भर घातली की ते महागच पडते.

ढोबळ हिशोब असा ठेवावा. रेल्वेने चंद्रपूर किंवा बल्लारशाला उतरणाऱ्यांनी मोहर्ली, आगरझरी, देवाडा, जुनोना या बाजूचा विचार करावा. चंद्रपूरहून मोहर्ली सुमारे ३० किलोमीटर आहे. पांगडी आणि झरी ही कोळसा परिक्षेत्राची गेट आहेत. तिथे गाड्या कमी असतात. ज्यांना गर्दीपेक्षा शांतता हवी त्यांना हा भाग आवडेल. नागपूरहून मोटारीने येणाऱ्यांनी उमरेड-भिसीमार्गे चिमूरची बाजू धरावी, म्हणजे कोलारा, अलिझंझा, मदनापूर जवळ पडतात. समुद्रपूर-गिरडच्या रस्त्याने येणाऱ्यांना नवेगाव आणि निमढेला सोयीचे. त्याच वाटेवर गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे, तिथे अनेक कुटुंबे थांबतात.

आधी गेट ठरवावे, मग खोली घ्यावी. उलटे केले की खिसा कापला जातो.

तिसरा पन्हा : मोसम

आपला जिल्हा देशातल्या सर्वांत तापणाऱ्या जिल्ह्यांपैकी एक आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४५-४६ अंशांच्या पुढे जातो. परमुलखातला माणूस याला घाबरतो. पण जंगल पाहण्याच्या दृष्टीने हाच उत्तम काळ. सागाची पाने झडलेली असतात, झुडपे वाळलेली असतात, दूरवर नजर जाते. छोटे झरे आटतात आणि जनावरांना ठरावीक पाणवठ्यांवर यावेच लागते. वाघालाही ऊन सोसत नाही, तो पाण्यात अंग बुडवून बसतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जंगल हिरवेगार असते, डोळ्यांना सुख वाटते, पण जनावर दहा पावलांवर असले तरी गवतात दिसत नाही. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गर्दी सर्वाधिक आणि भावही चढे. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद असते. त्या काळात पावसाचा अंदाज घेऊन बफरची काही गेट चालू ठेवली जातात. तेव्हा राहण्याच्या जागा स्वस्त मिळतात. वाघाची आशा कमी ठेवून पावसातले जंगल पाहायचे असेल, तर तो सौदाही वाईट नाही.

आता दुकानदारांचा प्रश्न. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. कापडवाल्याला, भांडेवाल्याला तेव्हा दुकान सोडता येत नाही. त्यात ईद आपल्या चांद्र पंचांगाप्रमाणे दरवर्षी सुमारे अकरा दिवस आधी येते, म्हणून कोणत्या साली धंदा कधी मोकळा होईल हे कॅलेंडर समोर ठेवूनच पाहावे लागते. माझ्या मते आपल्या वर्गासाठी जूनचा पहिला पंधरवडा सर्वांत सोयीचा. लग्ने आटोपलेली असतात, विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, इतर भागांतल्या शाळा लवकर उघडत असल्याने बाहेरची गर्दी ओसरते आणि कोअर अजून उघडे असते. मृग लवकर बरसला तर जनावरे पांगतात, हा धोका आहे. पण धोका नसलेला सौदा कोणता?

चौथा पन्हा : किती सफाऱ्या?

जाण्या-येण्याचा आणि खोलीचा खर्च दुकानाच्या भाड्यासारखा असतो. विक्री झाली काय, न झाली काय, तो द्यावाच लागतो. पुन्हा उदाहरणादाखल आकडे घेऊ. प्रवास आणि एका रात्रीची खोली मिळून ९,००० रुपये, एका सफारीचे ६,००० रुपये. एकच सफारी केली तर एकूण १५,००० रुपयांत चार तास, म्हणजे तासाला ३,७५० रुपये. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक केली तर २१,००० रुपयांत आठ तास, म्हणजे तासाला २,६२५ रुपये. हा मोठा फरक पडला. तिसरी करायची तर आणखी एक रात्र राहावे लागते, तिचे ३,००० धरले तर ३०,००० रुपयांत बारा तास, म्हणजे तासाला २,५०० रुपये.

दुसऱ्या सफारीने तासाचा भाव हजाराहून जास्त उतरला. तिसरीने फक्त १२५ रुपये उतरले आणि खिशातून मात्र ९,००० रुपये जास्त गेले. भाव स्वस्त लागतो म्हणून गरज नसताना अख्खा तागा उचलणाऱ्या गिऱ्हाईकासारखे हे आहे. म्हणून सामान्य कुटुंबाने दोन सफाऱ्यांचा बेत करावा, एक कोअरची आणि एक बफरची. त्याने दोन्ही प्रकारचे जंगल पाहून होते.

फसवणुकीपासून सावध

आरक्षण अधिकृत संकेतस्थळावरूनच करावे. २०२३ साली ताडोबाचे ऑनलाइन आरक्षण पाहणाऱ्या कंपनीच्या संचालकांविरुद्ध बारा कोटी रुपयांहून अधिक रकमेची तक्रार वनखात्याने पोलिसांत नोंदवली होती. सरकारी खात्याच्या बाबतीत अशी वेळ येते, तर रस्त्यावरच्या दलालाचे काय सांगावे? "पैसे द्या, गेटवर बघून घेऊ" असे कोणी म्हणाला तर सरळ नाही म्हणावे. पावती हातात येईपर्यंत सौदा झाला असे मानू नये.

तिकिटावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव एकच असावे. आपल्याकडे एका कागदावर 'शेख' पुढे, दुसऱ्यावर मागे, तिसऱ्यावर नाहीच, असे असते. आरक्षण करताना ओळखपत्र समोर ठेवून तसेच्या तसे नाव लिहावे. तिकीट रद्द केल्यास पैसे परत मिळतात की नाही, ही अट पैसे भरण्यापूर्वी वाचावी.

मोबाइल फोन कोअरमध्ये डिसेंबर २०१८ पासून बंद आहे. तेव्हा मुलांना आधीच समजावून ठेवावे.

जेवण, नमाज आणि कपडे

बऱ्याच रिसॉर्टचे दर तिन्ही वेळच्या जेवणासह असतात. मांसाहार हलाल असेलच असे नाही, मग आपण वरण-भात खाऊन मांसाहाराचे पैसे देतो. म्हणून खोली फक्त नाश्त्यासह मिळते का, हे विचारावे. गावातल्या होमस्टेत सांगून ठेवले तर ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा असे साधे जेवण मिळते आणि ते मनाजोगते होते.

सफारीत ठरवून दिलेल्या जागेखेरीज गाडीतून उतरता येत नाही. दुपारची सफारी मोठ्या दिवसांत मगरिबच्या सुमारास संपते. त्यामुळे नमाजच्या वेळा पाहून, वजू करूनच निघावे. जुम्याच्या दिवशी सकाळची सफारी घ्यावी, म्हणजे चंद्रपूरच्या बाजूला असणाऱ्यांना जुम्याची नमाज सहज मिळते.

कपड्यांबद्दल तर सांगितलेच पाहिजे. गेटजवळ 'सफारी ड्रेस' म्हणून जे विकले जाते त्यात पुष्कळदा सिंथेटिक मिसळ असते. ४५ अंशांच्या उन्हात ते अंगाला चिकटते आणि घाम शोषत नाही. घरातला सुती, पूर्ण बाह्यांचा, मातकट किंवा फिका हिरवा कुर्ता-शर्ट पुरे. भडक रंग टाळावेत. एक मोठा सुती दुपट्टा किंवा गमछा ओला करून डोक्याला बांधावा. या खात्यात नवा रुपया खर्चायची गरज नाही, हे एका कापडवाल्याचे मत समजावे!

वाघाशिवायही जंगल आहे

ज्यांना वाघाचा हट्ट नाही, त्यांच्यासाठी खर्च आणखी खाली येतो. मोहर्लीच्या वाटेवर आगरझरीला फुलपाखरांचे उद्यान आहे, मुले त्यात रमतात. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ साली उभारलेले आनंदवन आहे. गडचिरोलीकडे वळलात तर वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथील जुनी कोरीव मंदिरे आहेत, आलापल्लीजवळ जुन्या प्रचंड सागवृक्षांचे जंगल आहे, कमलापूरला वनखात्याचे हत्ती आहेत आणि भामरागडजवळ हेमलकसा येथे १९७३ पासून चालू असलेला लोकबिरादरी प्रकल्प व तिथले वन्यप्राण्यांचे अनाथालय आहे. अंतरे मोठी आहेत, पण तिकिटाचा खर्च किरकोळ. चार-पाच कुटुंबांनी मिळून एक गाडी केली तर माणशी खर्च सफारीच्या निम्म्यातही बसतो.

पैसा कोणाच्या हाती जातो?

आता शेवटचा आणि महत्त्वाचा मुद्दा. बफरच्या गावांतली माणसे वाघाच्या दाराशी राहतात. बोटेझरी, नवेगाव, जामणी यांसारख्या गावांतल्या लोकांनी तर जंगलासाठी आपली घरे सोडली. ज्या मे महिन्यात आपण हौसेने वाघ पाहायला जातो, त्याच मे महिन्यात इथल्या बायका पोटासाठी तेंदूपाने तोडायला जंगलात जातात. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात अशाच तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात बळी पडल्या. आपल्यासाठी जो तमाशा आहे, तो त्यांच्यासाठी रोजचा धोका आहे.

मग त्या धोक्याच्या बदल्यात त्यांच्या हाती काही पडते की नाही, हे आपल्या खरेदीवर ठरते. गाइड आणि जिप्सीचालक त्याच गावांतले तरुण असतात, काही महिलाही गाइडचे काम करतात. गावातल्या होमस्टेत राहिलात, गावच्या बचत गटाकडे जेवलात, तर आपला रुपया गावात फिरतो. दूरच्या शहरातल्या मालकाच्या रिसॉर्टमध्ये राहिलात तर त्यातला थोडाच गावात उरतो. होमस्टे बहुधा स्वस्तही असतो. आपला फायदा आणि दुसऱ्याचे भले एकाच सौद्यात होत असेल, तर त्यालाच बरकत म्हणतात.

गाइडला बक्षिसी खुशीने द्यावी, पण "वाघ जवळून दाखव, जास्त देतो" असे कधीही म्हणू नये. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि गाइड-चालकांवर कारवाई झाली. मोह पर्यटकाचा आणि रोजी गेली गरिबाची, असे होऊ नये.

थोडक्यात

१. आधी मार्ग, मग गेट, मग खोली, या क्रमाने ठरवा.
२. सहा माणसांची गाडी घरीच जुळवा. शनिवार-रविवार टाळा. मंगळवारी कोअर बंद असते.
३. एक कोअर आणि एक बफर, अशा दोन सफाऱ्या पुरेत.
४. धंदा पाहून मोसम निवडा. जूनचा पहिला पंधरवडा दुकानदारांना सोयीचा.
५. आरक्षण अधिकृत ठिकाणीच करा. नाव ओळखपत्राप्रमाणे लिहा.
६. राहणे-जेवण शक्यतो गावात करा.
७. सहल व्याजावर करू नका. हप्त्यांवर सुट्टी विकणारे आज पुष्कळ आहेत. सहल दोन दिवसांत संपते, हप्ता वर्षभर दारात उभा राहतो. त्यापेक्षा गल्ल्याशेजारी एक वेगळा डबा ठेवावा आणि रोज पन्नास रुपये टाकावेत. वर्षाला अठरा हजारांहून जास्त होतात. तेवढ्यात दोन कुटुंबे मिळून वरचा सारा बेत इन्शाअल्लाह आरामात बसतो.

इसराफ आपल्या दीनमध्ये नापसंत आहे, पण कंजुषीही पसंत नाही. बायकामुलांना अल्लाहची निर्मिती दाखवणे हा खर्च वाया गेलेला नाही. फक्त तो करताना, दुकानात बसल्यावर जसा गज हातात घेतो तसा घ्यावा, आणि पन्हा मोजूनच पैसे द्यावेत.